धूळपाटीपासून क्रमिक पुस्तकापर्यंत

कामगार संघटनेचा माणूस शाळेच्या पुस्तकांविषयी बोलायला उभा राहतो, याचे पुष्कळांना नवल वाटेल. संपावर बोला, बोनसवर बोला, क्रमिक पुस्तकांशी तुमचा काय संबंध, असे कोणी विचारले तर उत्तर सरळ आहे. आयुष्याची तीसएक वर्षे मी करारनामे वाचण्यात घालवली. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की कळली: करारात काय लिहिले आहे यापेक्षा तो लिहिताना खोलीत कोण कोण बसले होते, हे आधी पाहावे. शाळेचा अभ्यासक्रम हाही एक करारच आहे. मुलाने आपल्या बालपणाची सात-आठ वर्षे द्यायची आणि त्याच्या बदल्यात समाजाने त्याला अमुक अमुक ज्ञान द्यायचे, असा तो करार. तो आपल्या मराठी मुलुखात कोणी लिहिला, कोणाला विचारून लिहिला, आणि पुढे त्यात दुरुस्त्या कोणी केल्या, त्याची ही हकिगत आहे. आपल्या विजयदुर्गाला ती ऐकण्याचा विशेष अधिकार आहे. का, ते ओघाने येईलच.

इंग्रज येण्यापूर्वी आपल्याकडे शाळा नव्हत्या, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. पंतोजींच्या शाळा होत्या. कोणाच्या पडवीत, कोणाच्या ओसरीवर, कोठे देवळात त्या भरत. पाटीवर धूळ पसरायची, बोरूने किंवा बोटाने अक्षर काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. छापील पुस्तक नव्हतेच. मुळाक्षरे, बाराखड्या, मोडीचे वळण आणि पाढे, एवढाच अभ्यास. पण पाढे म्हणजे केवळ बे एके बे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असा सगळा अपूर्णांकांचा खजिना मुलाच्या जिभेवर असे. आज आपण त्याला घोकंपट्टी म्हणून हसतो. हसण्याजोगे त्यात पुष्कळ होते आणि पंतोजींची छडी तर हसण्याच्याही पलीकडची होती. परंतु हे पाढे कोणत्या कामाचे होते ते पाहा.

आपल्या किनाऱ्यावरचा जुना तांडेल भरतीची वेळ कशी काढतो? तिथीला पाऊणपट करतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता भरती पूर्ण होणार, थोडेफार मागेपुढे. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो, भरतीही त्याच्याबरोबर तितकीच सरकते. तिथीची पाऊणपट हे त्या सगळ्या खगोलशास्त्राचे सार आहे, आणि त्यासाठी लागणारे गणित म्हणजे पाऊणकीचा पाढा. पंतोजी पाऊणकी शिकवीत ती व्यापाऱ्याच्या मापासाठी आणि सावकाराच्या व्याजासाठी. समुद्रावर जाणाऱ्या मुलाला त्यांच्या पडवीत सहसा जागा नसे. म्हणजे पाढा एका घरात होता आणि त्याचा उपयोग दुसऱ्या घरात. या दोन घरांमधली भिंत हाच माझ्या व्याख्यानाचा खरा विषय आहे.

आता थोडे समुद्रापलीकडे जाऊ. अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री, सेंट अँड्र्यूज गावचा, मद्रासला सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेवर होता. तिकडच्या गावठी शाळांत मुले वाळूत बोटाने लिहितात आणि मोठी मुले लहानांना शिकवतात, हे त्याने पाहिले. ही रीत त्याने आपल्या शाळेत उचलली, आणि मायदेशी परतल्यावर १७९७ मध्ये त्यावर पुस्तक छापले. तिचे नाव पडले ‘मद्रास पद्धत’. पैसा थोडा, शिक्षक थोडे, मुले फार, अशा इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या गिरणगावांना ती फार मानवली. शेकडो शाळांत ती चालू झाली. आणि पुढे गंमत अशी झाली, की मुंबई सरकारने नव्या धर्तीच्या शाळा काढायचे ठरवले तेव्हा हीच पद्धत, तिच्या इंग्रजी धाकट्या भावासह, विलायती सुधारणा म्हणून इकडे परत आली. आपलीच धूळपाटी जहाजात बसून गेली आणि साहेबाची टोपी घालून आली!

मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हाही स्कॉटिश. पेशवाई बुडाल्यावर या मुलुखाची घडी बसवण्याचे काम त्याच्याकडे आले. १८२२ मध्ये मुंबईत शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. पुढे १८२७ मध्ये तिचे नाव बदलून ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ झाले. पुस्तके तयार करणे, ती शिळाछापावर छापणे, शिक्षक तयार करणे आणि त्यांना जिल्ह्यांत पाठवणे ही तिची कामे. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हा लष्करी इंजिनियर तिचा चिटणीस होता. त्याने शास्त्रीमंडळींच्या मदतीने गणिताची पुस्तके मराठीत आणली. १८२६ मध्ये शिकवून तयार केलेली शिक्षकांची पहिली तुकडी बाहेर पडली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापच्या नीतिकथा आणि ‘बाळमित्र’ मराठीत आणले. मराठी मुलाच्या हाती छापील पुस्तक पडले ते असे.

सरकारने पुस्तकासाठी पैसा दिला, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. पण १८२३ च्या आपल्या शिक्षणविषयक टिपणात एल्फिन्स्टनने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. मिशनऱ्यांना सर्वांत खालच्या मानलेल्या जातींतले विद्यार्थी सर्वांत चांगले आढळतात, हे त्याला ठाऊक होते. तरी त्यांना खास उत्तेजन देताना जपून असावे, कारण शिक्षण आधी त्यांच्यात रुजले तर वरचे वर्ग त्याकडे फिरकणार नाहीत आणि ते पुढे पसरणार नाही, असा त्याचा हिशेब होता. माणूस मोठा होता, उदार होता, या देशाविषयी त्याला आस्था होती. तरीही खोलीत कोण बसले होते आणि कोण बाहेर उभे होते, ते या एका टिपणावरून कळते.

त्या खोलीत आपल्या भागातला एक तरुण मात्र जाऊन बसला. देवगड तालुक्यातले पोंभुर्ले. तिथे १८१२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचा जन्म झाला. ‘दर्पण’कार म्हणून आपण त्यांचा गौरव करतो, पत्रकार दरवर्षी ६ जानेवारीला त्यांची आठवण काढतात, ते योग्यच आहे. १८३२ मध्ये मराठी वृत्तपत्र काढणे ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु माझ्या मते बाळशास्त्र्यांचे त्याहून टिकाऊ काम शाळेच्या पुस्तकांचे आहे, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. या सोसायटीचे ते नेटिव्ह सेक्रेटरी झाले, तेव्हा त्यांनी विशीही धड गाठली नव्हती. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक, मग शाळांचे तपासनीस आणि शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाचे प्रमुख. या सगळ्या धबडग्यात त्यांनी काय लिहिले ते पाहा: मुलांसाठी व्याकरण, भूगोल, नीतिकथा, इंग्लंडचा आणि हिंदुस्थानचा इतिहास, आणि ‘शून्यलब्धि’, म्हणजे चलनकलनासारख्या कठीण गणितावरचे मराठी पुस्तक! मराठीत शास्त्र लिहिण्यासाठी शब्दच नव्हते, ते घडवीत घडवीत लिहायचे होते. सुताराने लाकूड कापता कापता करवतही घडवावी, तसे हे काम. १८४६ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. शाळातपासनीस या नात्याने कोकणातल्या उन्हापावसात हिंडणारा हा विद्वान मनुष्य आपण आपल्या मुलांना पुरेसा दाखवलेला नाही, असे मला वाटते.

बाळशास्त्र्यांनंतर पुस्तकांवर सत्ता आली ती मेजर थॉमस कँडीची. हा गृहस्थ मराठीत मुरलेला. मोल्सवर्थच्या कोशाला त्याने हातभार लावलेला, आणि मराठीत विरामचिन्हे रुळवण्यातही त्याचा मोठा वाटा. पण मराठी पंडिताने लिहिलेले मराठी एक इंग्रज तपासणार आणि शुद्ध करणार, हा प्रकार पुष्कळांना बोचला, आणि बोचणारच. वर्षानुवर्षे पुस्तके त्याच्या चाळणीतून गेली. तीत खडे गेले तसे काही दाणेही गेले असतील. असो.

इकडे हे चालले असताना स्कॉटलंडमध्ये एका कापूसगिरणीत जे घडले ते आम्हा कामगारांना विसरता येत नाही. क्लाइड नदीकाठच्या न्यू लॅनार्कच्या गिरणीचा कारभार रॉबर्ट ओवेनकडे होता. तो स्वतः वेल्सचा. दहा वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घ्यायचे नाही असे त्याने ठरवले, आणि १ जानेवारी १८१६ रोजी त्यांच्यासाठी मोठी शिक्षणसंस्था उघडली. मार बंद. लहानांना पुस्तकांनी सतवायचे नाही. भिंतींवर प्राण्यांची मोठी चित्रे आणि नकाशे, बाहेरून आणलेली पाने-फुले-दगड समोर ठेवून गप्पा, गाणे, नाच. शिकवायला निवडला जेम्स ब्यूकॅनन, म्हणजे एक साधा विणकर. त्याला मुलांचा लळा होता, एवढीच त्याची पदवी. पुढे याच ओवेनने १८३४ मध्ये इंग्लंडातल्या सगळ्या धंद्यांच्या कामगारांची एक मोठी युनियन उभारण्याचा प्रयत्न केला. शाळेचा अभ्यासक्रम आणि कामगाराची संघटना ही दोन वेगळी खाती आहेत, असे त्या माणसाला कधी वाटले नाही.

आपल्याकडे हे नाते कोणी ओळखले? जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिले. त्यातली सक्तीच्या शिक्षणाची मागणी सर्वांना ठाऊक असते. रयतेकडून शिक्षणासाठी पट्टी वसूल होते आणि पैसा खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा रोखठोक आक्षेपही प्रसिद्ध आहे. पण अभ्यासक्रमाविषयी त्यांनी जे सांगितले ते कमी वाचले जाते. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्याचे आणि नीतीचे काही धडे. खेड्यातल्या शाळेला जोडून नमुन्याची लहानशी शेती. आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला, म्हणजे नांगराला हात लावायला न लाजणारा. चालू क्रमिक पुस्तके व्यवहाराच्या उपयोगाची नाहीत, ती नव्याने रचली पाहिजेत, असेही त्यांनी स्पष्ट म्हटले. स्वतः शाळा चालवलेल्या माणसाची ही मागणी होती. कराराच्या खोलीचे दार बाहेरून ठोठावल्याचा हा आवाज होता. कमिशनने निवेदन नोंदवून घेतले. नमुन्याची शेती कागदावरच राहिली.

फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली, आणि १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. सुटी मिळाली, पण तिचा उपयोग वाचनासाठी करावा तर वाचता कोठे येत होते? १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगारवस्तीत रात्रशाळा व वाचनालये चालवली. १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत पुढे असलेले जोशी ते हेच. आपल्या रत्नागिरीकडच्या (आता सिंधुदुर्ग म्हणू) किती घरांतली माणसे परळ-लालबागच्या खोल्यांतून अशा शाळांना गेली, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही. दहा तास साच्यापुढे उभा राहिलेला बापई माणूस दिव्याखाली बसून ‘कमळ नमन कर’ याच तालाचे धडे गिरवी. त्याला हवे असे पगारचिठ्ठी वाचणे, दंडाचा हिशेब, घरचे पत्र. त्याच्या हाती दिले जाई आठ वर्षांच्या मुलाचे पुस्तक. तरी तो शिकला. करारावर अंगठ्याऐवजी सही येऊ लागली, तेव्हा मालकांच्या वकिलांचा सूर कसा बदलतो ते मी पाहिले आहे.

वर्ध्याच्या योजनेविषयी थोडक्यात बोलतो. १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला परिषद भरवली. झाकीर हुसेन समितीने हस्तोद्योगाच्या द्वारा शिक्षणाचा अभ्यासक्रम आखला, आणि मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने तो हौसेने उचलला. हाताला प्रतिष्ठा मिळाली, ही गोष्ट लहान नाही. पण मुलांनी कातलेल्या सुतावर शाळेचा खर्च भागावा, ही कल्पना मला तेव्हाच्या टीकाकारांइतकीच खटकते. मुलाच्या कामावर संस्था चालू लागली, की ते काम शिक्षण राहत नाही. मजुरी होते, आणि तीही बिनपगारी. पुढे १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचवला. त्या आयोगाचे चिटणीस जे. पी. नाईक हे गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ग्रामीण शिक्षण जवळून पाहिलेले गृहस्थ. त्यांच्या मनात शेत आणि कारखाना होता. आपल्या बहुतेक शाळांत त्याची कागदी फुले झाली.

याच्या उलट ताराबाई मोडकांचे काम. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. बरोबर अनुताई वाघ. माँटेसरीचे साधनसाहित्य परदेशी आणि महाग. वारली आदिवासींच्या पाड्यावर ते आणायचे कोठून? या बायांनी शिंपले, बिया, गोटे, काटक्या, पाने, माती गोळा केली आणि तेच साहित्य केले. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुले, लहानमोठे लावायला दगड. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली; तीच अंगणवाडी. मोठी मुले गुरे राखायला कुरणात जात म्हणून शिक्षक गुरांमागे कुरणात गेले, तीच कुरणशाळा. पोटासाठी जे काम मुलाला करावे लागते त्याच्याशी भांडण न करता त्याच्या शेजारी जाऊन बसण्याची ही युक्ती, मला वाटते, आपल्या शिक्षणाच्या इतिहासातली सर्वांत शहाणी गोष्ट आहे. मुलांना गुरांमागे जावेच लागू नये हे आमचे युनियनवाल्यांचे म्हणणे खरेच. पण ते होईपर्यंत मूल वाट पाहत बसणार नाही, हे ताराबाईंना आमच्यापेक्षा लवकर समजले.

पुस्तकांच्या बाजारात तोवर खाजगी वाचनमालांची चढाओढ होती. तिच्यात आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने मुलांच्या वाचनात रस आणला, हे मान्य करावे लागते. पण गावागावाला पुस्तक वेगळे, किंमत वेगळी. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झाली. सर्व महाराष्ट्राला एक पुस्तक आणि स्वस्त पुस्तक. १९७१ पासून त्याच संस्थेचे ‘किशोर’ मासिक. मुंबईच्या मुलाचे आणि गिर्ये-पडेलच्या मुलाचे पुस्तक एकच झाले, ही समता मोठीच. परंतु एकच पुस्तक म्हणजे एकच भाषा आणि एकच परिसर, ही तिची दुसरी बाजू. स्कॉटलंडमध्ये सरकार असे एक पुस्तक नेमून देत नाही. काय शिकवायचे याची चौकट ठरते, साधने शाळा निवडते. २०१० पासून तिथे चालू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात तर स्थानिक परिसराला आणि शिक्षकाच्या निवडीला मुद्दाम वाव ठेवला आहे. तेही सुखात आहेत असे नाही. तिकडचे शिक्षक साधने तयार करता करता थकतात आणि कुरकुरतात.

भाषेच्या बाजूचा प्रयोग आपल्याकडेही झालेला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आधाराने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांत त्यांनी काम केले. मूल विज्ञानात मागे पडते ते बुद्धीने नव्हे, पुष्कळदा पुस्तकाच्या भाषेने, हे वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसून आले. धड्याची भाषा सोपी केली, की तोच विज्ञानाचा विषय त्याच मुलाला कळू लागला. आपल्या मालवणी मुलाला हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. घरात ‘माका’, ‘खंय’, ‘झील’, ‘चेडू’ बोलणारे पोर शाळेत पहिले वर्षभर गप्प बसते ते त्यामुळेच. गुरुजी म्हणतात, बुजरे आहे. बुजरे कसले? रापणीच्या दोरीवर त्याचा आवाज ऐका!

आणि परिसराचे म्हणाल तर विजयदुर्गाइतका भरलेला धडा महाराष्ट्रात थोड्या गावांना लाभला असेल. खडकात खोदलेली आरमाराची गोदी आहे. खाडी आहे, तिची भरती-ओहोटी आहे. किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ आहेत. कट्ट्यांची गोष्ट आपण सांगतो ती अशी, की १८६८ च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने येथून हेलियम शोधला. अभिमानाने सांगतो, पण ती तशी नाही. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनने गुंटूरला पाहिले. नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता, आणि त्याने ग्रहणावाचूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट तपासला. त्या पिवळ्या रेषेवरून नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली. १८९५ मध्ये रॅम्झेला ते पृथ्वीवर सापडले. लॉकियर विजयदुर्गाला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. म्हणजे साहेब खरे, ग्रहण खरे, साल मात्र दुसरे. खरी गोष्ट काही कमी सुरस नाही. त्याच्याबरोबर ‘मेलपोमिनी’ नावाची लढाऊ बोट होती. दुर्बिणी चालवायला माणसे अपुरी, म्हणून बोटीवरच्या खलाशांना शिकवून तयार केले. ज्यांना कोणी शास्त्र शिकवले नव्हते त्यांनी थोड्या दिवसांच्या सरावाने आकाशातल्या काही क्षणांची अचूक कामे वाटून घेतली.

हा धडा एकाच पुस्तकात बसणार नाही. गोंदियाच्या मुलाने तो का वाचावा? तो इथेच लिहिला पाहिजे, इथल्या शिक्षकाने, इथल्या तांडेलाला आणि गाबीत बायांना विचारून. दहा-बारा पानांचा, तिथीच्या पाऊणपटीसकट. खर्च फार नाही. शिक्षक मात्र हवा आणि शाळा हवी. २०२३ मध्ये सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार मांडला, तेव्हा सर्वांत जास्त धास्ती डोंगर-खाडीच्या अशा जिल्ह्यांतच पसरली. पुस्तक फुकट मिळते, ही चांगली गोष्ट आहे. पण ते घेऊन सहा वर्षांच्या मुलीने वाघोटनच्या खाडीकाठाने पावसाळ्यात किती चालायचे, हा हिशेब त्या कागदावर कोणी मांडला होता का? पालकांनी आणि ग्रामपंचायतींनी तो मांडून पाठवावा. मसुदा लिहायला बसायचे असेल तर मी येईन.